गिधाडाची पकड

रिंगमध्ये गिधाड नावाच्या पहिलवानाने समोरच्या पोलादला डोक्याच्या वर आडवं उचललं तेव्हा मिस्त्री खुर्चीवरून अर्धे उठले आणि गुडघे वाकवून तसेच थांबले. शेजारी बसलेल्या सुनेने मोबाइलमधून मान वर केली.

"बसा ना बाबा. मागच्यांना दिसत नाही."

पोलाद खाली आला. रिंगच्या फळ्यांचा आवाज क्रीडागृहाच्या छतापर्यंत गेला आणि दोन हजार माणसं एकदम ओरडली. मिस्त्री बसले नाहीत.

त्यांचं अर्धं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं आणि उरलेलं या कुस्त्या बघण्यात. खऱ्या मातीतल्या कुस्त्या नव्हेत, तर या चकचकीत चड्ड्यांच्या आणि टोपणनावांच्या, ज्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. घरात त्यांची यावरून कायम टिंगल चालायची. "बाबा, हे खोटं असतं हे तुम्हाला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?" असं मुलगा विचारायचा, आणि मिस्त्री हसण्यावारी न्यायचे. त्यांना ते बाराव्या वर्षीच कळलं होतं. थोरल्या भावाबरोबर ते खेळ संपल्यावर तंबूच्या मागे डोकावले, तर घटकाभरापूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन पहिलवान एकाच बाकावर बसले होते आणि एक जण दुसऱ्याच्या पाठीला मलम चोळत होता. भाऊ घरी पोचेपर्यंत रडला. त्याने पुन्हा त्या तंबूचं नाव काढलं नाही. मिस्त्री मात्र दुसऱ्याच दिवशी परत गेले, कारण आता त्यांना वेगळंच काही बघायचं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्या उंचीवरून आपटायचं आणि लागू द्यायचं नाही, हे यांना जमतं तरी कसं?

आज मुलाला ऐनवेळी काम निघालं म्हणून सून आली होती. ती शाळेत गणित शिकवायची. सासऱ्यांचं मन राखायला दुपारभर टाळ्याही वाजवत होती, फक्त भलत्याच ठिकाणी.

"काय झालं बाबा?"

"हात दाबला नाही त्याने."

"कुणी?"

"पोलादने." मिस्त्रींची नजर रिंगवरून हलली नाही. "प्रत्येक आपटीनंतर वरचा खालच्याचं मनगट धरतो. आपल्याला वाटतं, पिरगाळतोय. तो विचारत असतो, ठीक आहेस ना? खालचा बोटं दाबून सांगतो, आहे. आत्ता गिधाडाने विचारलं, तेवढ्यात कुणीतरी बाटली भिरकावली त्याच्यावर. तो तिकडे वळला. पोलादची बोटं उघडीच राहिली. बघ, अजून तशीच आहेत."

सुनेने पाहिलं. पोलाद उताणा पडला होता. पंचाने त्याच्याजवळ बसून आकडे मोजायला सुरुवात केली होती.

"तसं नाटकच करत असेल ना?"

"नाटक करताना तो डावा पाय झाडतो. पंचवीस वर्षं झाडतोय."

डावा पाय हलत नव्हता. यापुढचं मिस्त्रींना पाठ होतं. गिधाड कोपऱ्यात जाऊन लोकांना चिथावणार, मग परत येऊन पोलादला मानेला धरून उभं करणार आणि शेवटची आपटी मारणार. मध्ये फार तर मिनिट-दीड मिनिट.

ते रांगेतून पायांवर पाय देत बाहेर पडले आणि लोखंडी कठड्याशी पोचले. रखवालदाराने छातीवर हात ठेवून त्यांना अडवलं.

"ओ काका, जागेवर बसा."

"पंचाला सांग, त्याला उचलू देऊ नकोस. मानेला लागलंय त्याच्या."

रखवालदार कौतुकाने हसला. "काका, लुटुपुटीचं असतं ते. एवढं मनाला लावून घेऊ नका."

पुढच्या दोन रांगा खो खो हसल्या. "आजोबांना पाणी द्या रे कुणीतरी!" एक जण म्हणाला. मागून धावत आलेली सून ते ऐकून लालबुंद झाली. तिने मिस्त्रींचा दंड धरला.

"बाबा, तुम्हाला नक्की वाटतंय?"

"वाटत नाही. दिसतंय."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एखादा मुलगा उत्तर बरोबर सांगतोय की ठोकून देतोय, हे ताडताना ती असंच बघायची. मग तिने दंड सोडला.

"डॉक्टर कुठे बसतात?"

"मागच्या दाराशी. पांढरं टेबल."

ती निघाली. रखवालदार "ओ मॅडम" म्हणत तिच्याकडे वळला, तेवढ्यात मिस्त्री कठड्यावर पोट टेकवून पार पुढे झुकले. गिधाड त्यांच्याच बाजूच्या दोरांवर रेलून लोकांना शिव्या घालत होता. त्याच्या भुवयांवरचा घामसुद्धा दिसत होता.

"गिधाडा!" मिस्त्री जीव खाऊन ओरडले. "हात बघ त्याचा! उत्तर आलं नाही! उत्तर आलं नाही तुला!"

गिधाडाने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"ए थेरड्या!" तो गरजला. "घरी जाऊन झोप!"

लोक पुन्हा हसले. गिधाड वळला, दोन्ही हात पसरून तालात चालत पोलादजवळ गेला. मिस्त्रींनी कठडा घट्ट धरला. गिधाड वाकला. त्याने पोलादचं मनगट हातात घेतलं आणि लोकांकडे बघत दात विचकले. दात तसेच ठेवून तो एक क्षण थांबला.

मग त्याने पोलादला उचललं नाही. तो त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांत त्याची मान धरली.

क्रीडागृह पेटून उठलं. "गळा दाबतोय! पंच आंधळा आहे काय?" लोक खुर्च्यांवर चढले. मिस्त्रींना मात्र गिधाडाची कोपरं दिसत होती. ती फळ्यांवर टेकलेली होती, कुठेही जोर नव्हता. बोटं कानांमागे पसरलेली होती आणि डोकं दोन्ही हातांच्या मध्ये असं धरलं होतं की केसभरही हलू नये. गिधाड खुनशी हसत होता आणि हसता हसता ओठ न हलवता पंचाशी बोलत होता. पंचाचा चेहरा उतरला.

बाटल्या येऊ लागल्या. एक गिधाडाच्या कपाळावर बसली आणि भुवईतून रक्त आलं. दुसरी येताना त्याला दिसत होती. त्याने हात वर केला नाही, नुसते डोळे मिटले.

सून डॉक्टरला घेऊन दुसऱ्या बाजूने रिंगमध्ये चढली तेव्हाच गिधाडाने हात काढले, तेही डॉक्टरचे हात त्याच जागी बसल्यावर. डॉक्टर पोलादच्या कानाशी काही बोलला. पोलादचे ओठ हलले. तोवर स्ट्रेचर घेऊन दोघं आले, पण दाराकडच्या अरुंद वाटेत कठड्यावरून उड्या मारून आलेली माणसं दाटली होती.

गिधाडाने ती वाट पाहिली. मग तो उठला आणि रिंगच्या थेट विरुद्ध टोकाला जाऊन दोरांवर चढला. तिथून त्याने छाती बडवून घेतली आणि लोकांच्या आयाबहिणींचा उद्धार सुरू केला. वाटेतली माणसं मुठी आवळून तिकडे धावली.

सून धापा टाकत मिस्त्रींजवळ परत आली.

"बाबा, लोक त्याला मारतील. सांगा ना यांना. त्यानेच तर धरून ठेवलं होतं. मी जवळून पाहिलं."

"आत्ता सांगितलं तर सगळे स्ट्रेचरकडे वळतील."

असं म्हणून मिस्त्री जवळच्या खुर्चीवर चढले. एक गुडघा कुरकुरला. तोंडाशी हातांचा कर्णा करून ते ओरडले, "अरे हरामखोरा! आडवा पडलेल्यावर हात टाकतोस? ये इकडे, तुझं थोबाड फोडतो!"

गिधाडाने वळून पाहिलं. क्षणभर त्याची नजर मिस्त्रींवर थांबली. मग त्याने त्यांच्याकडे बोट रोखून अशी काही आरोळी ठोकली की वाटेत रेंगाळलेले शेवटचे पाचसहा जणही तिकडे पळाले.

सून खाली उभी राहून एकदा सासऱ्यांकडे, एकदा रक्ताने माखलेल्या त्या माणसाकडे बघत होती. तिने पर्स खांद्यावर नीट घेतली, शेजारची खुर्ची ओढली आणि मिस्त्रींच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढली.

"निर्लज्ज!" तिने अख्खा वर्ग गप्प करणाऱ्या आवाजात हाक दिली. "लाज नाही वाटत तुला?"

त्यांच्या मागून स्ट्रेचर मोकळ्या वाटेने, कसलाही धक्का न लागता, दाराबाहेर गेलं.