केसांच्या फिल्मवरची टिपणं

ती फिल्म पहिल्यांदा लावली तेव्हा वहिनी सफरचंद खात होत्या. अर्ध्या मिनिटात त्यांनी हातातली फोड बशीत परत ठेवली आणि बशीच दूर सरकवली.

पडद्यावर केस सरपटत होते. खरे केस, कापलेले, काळे, पांढरे, काही रंग उडून तांबूस झालेले. ओल्या काचेला चिकटून ते गोगलगायीसारखे पुढे सरकत होते. सरकता सरकता त्यांचा एक गोळा झाला, गोळ्याची म्हातारी झाली आणि म्हातारी खुर्चीत बसली. मग तिच्या तोंडातून आणखी केस बाहेर येऊ लागले.

"शी!" घरात कुणी नसतानाही वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

चार मिनिटांची फिल्म. त्या दिवशी त्यांनी ती नऊ वेळा पाहिली. तिसऱ्या वेळेपर्यंत त्या मधेमधे मान फिरवत होत्या. नंतरही फिरवत होत्या, पण आता त्यांच्या हातात पेन्सिल होती.

वहिनींनी बावीस वर्षं एका कार्टून स्टुडिओत काम केलं होतं. मोठे कलाकार भराभर कच्ची चित्रं काढायचे आणि वहिनी लाइट टेबलावर, खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ती स्वच्छ करायच्या. दहा रेषांतली खरी एक ठेवायची, बाकीच्या घालवायच्या. स्टुडिओत त्यांना सगळे 'खोडरबर' म्हणत. स्टुडिओ बंद पडला, पण नजर काही बंद पडली नाही. रस्त्याने माणूस चालला की त्याची टाच आधी टेकते की बोटं, हे त्यांना बघितल्याशिवाय राहवत नसे.

त्यांचा धाकटा दीर जाहिरातींच्या धंद्यातला. बोलण्यात असा तरबेज, की समोरचा आपण कशाला आलो होतो तेच विसरायचा. त्याने तीन वर्षांपूर्वी एक कार्यक्रम सुरू केला. महिन्यातून एका रविवारी सकाळी छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये स्वतंत्रपणे ॲनिमेशन करणाऱ्यांच्या फिल्म दाखवायच्या आणि तिघांनी त्यांवर अभिप्राय द्यायचा. एक खुर्ची त्याची, एक कुठल्यातरी पाहुण्याची आणि तिसरी वहिनींची.

"वहिनी, नजर तुमची, तोंड माझं," तो म्हणाला होता. वहिनींना माईक हातात आला की घाम फुटायचा. त्यामुळे त्या आधीच घरी बसून प्रत्येक फिल्मवर दोन पानं लिहायच्या, ती दिराकडे पाठवायच्या आणि रविवारी नुसत्या बसायच्या. दीर त्यांना वहिनी म्हणायचा म्हणून हॉलमधले सगळेच वहिनी म्हणू लागले.

केसांच्या फिल्मवर त्यांनी लिहिलं: 'केसांचा ओंगळपणा जराही कमी करू नका. बघणाऱ्याने तोंड फिरवावं आणि पुन्हा वळून बघावं, हेच तुम्हाला साधलं आहे. दुसऱ्या मिनिटाला म्हातारी खुर्चीतून उठते तेव्हा मात्र फुग्यासारखी वर येते. तिला वजन नाही. म्हातारं माणूस उठण्याआधी पाय मागे घेतं, डोकं पुढे नेतं, हातांवर भार देतं. तेवढी दहा-बारा चित्रं वाढवली तर ती खरी उठेल. शेवटी तिचा हात थरथरतो, तो मुद्दाम की कॅमेरा हलल्यामुळे, हे कळत नाही. मुद्दाम असेल तर आधीपासून कळू द्या.' असं बरंच. दोन पानं भरून.

रविवारी हॉल गच्च भरला. हल्ली तो भरायचाच; कार्यक्रमातले तुकडे दीर इंटरनेटवर टाकायचा आणि ते हजारो लोक बघायचे. फिल्म करणारी बाई पहिल्या रांगेत होती. पंचेचाळिशीची, एका पार्लरची मालकीण. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, बोटांना केसांच्या रंगाचे डाग. फिल्म चालू असताना हॉलमधून "ईऽऽ" उठलं आणि ती जरा हसली. तिला तेच हवं होतं, हे वहिनींना स्टेजवरून कळलं.

दिवे लागले. दिराने माईक घेतला आणि आधी पोटावरून हात फिरवला.

"ताई," तो म्हणाला, "आम्ही सकाळी नाश्ता करून येतो हो इथे."

हॉलमध्ये हशा फुटला.

"आता तांत्रिक भागाकडे येऊ. दुसऱ्या मिनिटाला ही आजी उठते. आजी उठते, की कुणाच्या हातून फुगा सुटतो?" त्याने गाल फुगवून, हात पसरून आजी हवेत नेऊन दाखवली. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. "आणि शेवटी ते थरथरणं! ताई, थंडी आजीला वाजत होती की तुमच्या कॅमेऱ्याला?"

वहिनींच्या पाठीवर कुणीतरी गार पाणी ओतावं तसं झालं. प्रत्येक वाक्य त्यांचं होतं. नऊ वेळा बघून, पेन्सिल चावून शोधलेलं. आणि प्रत्येक वाक्याचं पुढचं टोक त्याने मोडून टाकलं होतं. पाय कसे मागे घ्यावेत, ते नाही. ओंगळपणा ठेवा, ते तर नाहीच. राहिला होता तो नुसता बोचणारा भाग.

पार्लरवाली उठली. रडली नाही, भांडली नाही. पर्स खांद्याला लावली आणि रांगेतून गुडघे चुकवत बाहेर गेली. त्यावरही कुणीतरी "फुगा चालला!" म्हणालं.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत दीर सँडविच खात होता. "वहिनी, काय सकाळ झाली आज! ते उठण्याचं निरीक्षण म्हणजे सोनं होतं, सोनं!" घास तोंडात ठेवूनच तो बोलत होता, ओठाच्या कोपऱ्यात पावाचा ओला लगदा आला होता. वहिनींनी मान फिरवली.

"भाऊजी, मी ते तिला काम सुधारता यावं म्हणून लिहिलं होतं."

"मग? तिला कळलंच की."

"पुढची वाक्यं का नाही वाचलीत?"

"अहो, ती शिकवणी झाली. तिथे लोक पेंगतात. तुम्ही चूक शोधता, मी ती चाखायला देतो. तीन वर्षं आपलं असंच तर चाललंय." त्याने बोटं चाटली. "आणि तुम्हीसुद्धा हसताच की वहिनी."

"मी?"

"बघा की रेकॉर्डिंग."

वहिनी घरी आल्या. त्यांचा नवरा चष्म्याच्या काचा घासून द्यायचं काम करायचा. रविवारीही एखादी काच हातात असायचीच. वहिनींनी लॅपटॉप उघडला आणि नवऱ्याच्या शेजारी बसून जुनी रेकॉर्डिंग लावली. आजवर त्यांनी एकही पाहिलं नव्हतं. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघायचा म्हटलं की त्यांना संकोच वाटायचा. आता त्या बघत होत्या. कागदी बाहुल्यांची फिल्म करणारा मुका शिक्षक, कोळशाने रेखाटणारी कॉलेजची पोरगी, स्वतःच्या घटस्फोटावर फिल्म केलेला ड्रायव्हर. प्रत्येकाच्या वेळी दिराच्या तोंडात वहिनींचीच वाक्यं, शेंडा छाटलेली. आणि तिसऱ्या खुर्चीत एक जाडजूड बाई, पदर तोंडाला लावून हसणारी.

नवऱ्याने काच खाली ठेवली. "तू हसतेयस," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय मला."

"अगं, सगळे हसले की माणूस हसतं. तो लहानपणापासून तसाच आहे. सोडून दे आता."

"सोडून देतच तीन वर्षं गेली," वहिनी म्हणाल्या. दिराची शिसारी त्यांना दुपारपासून येतच होती. पण ही पदरामागची बाई बघून आलेली शिसारी वेगळी होती. तिच्यापासून मान फिरवायला जागा नव्हती. त्या बेसिनपाशी गेल्या आणि उगाचच कितीतरी वेळ तोंड धूत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिराला दोन ओळी पाठवल्या. यापुढे टिपणं मिळणार नाहीत आणि जिथे जिथे आपण दिसतो ती रेकॉर्डिंग काढून टाकावीत. दिराचं उत्तर लगेच आलं: 'वहिनी, रागावलात? संध्याकाळी येतो.' तो आला नाही. रेकॉर्डिंगही तशीच राहिली.

मंगळवारी दुपारी वहिनी फिल्मसोबत आलेल्या फॉर्मवरचा पत्ता शोधत पार्लरवर गेल्या. दोन खुर्च्यांचं छोटंसं दुकान. एका खुर्चीत डोक्याला चंदेरी कागद गुंडाळलेली एक बाई मासिक चाळत होती.

"केस कापायचेत?" पार्लरवालीने न बघताच विचारलं, मग बघितलं आणि झाडू हातात तसाच धरून उभी राहिली. "तिसरी खुर्ची."

"हो."

"रविवारी तुम्ही हसला नाहीत. एरवी हसता."

वहिनींना वाटलं, आल्या पावली परत जावं. "तुम्ही आधीची रेकॉर्डिंग बघितली होतीत? मग फिल्म पाठवलीत कशाला?"

"त्या सगळ्या टवाळीत मधूनच एखादं वाक्य अगदी बरोबर असायचं. मला वाटायचं, इथे कुणीतरी नीट बघतंय. मला नीट बघणारं माणूस हवं होतं. माझे नातेवाईक 'छान आहे' म्हणतात आणि मोबाइल परत देतात." ती थांबली. "फुगा हा शब्द तुमचाच ना?"

"माझाच. पण त्याच्यापुढेही होतं." वहिनींनी पर्समधून घडी केलेली दोन पानं काढली.

पार्लरवालीने ती उभ्या उभ्या वाचली. एकदा भरभर, एकदा सावकाश. मग म्हणाली, "उठण्याचं पटलं. पण थरथर मुद्दाम आहे. सासूबाईंचा हात तसाच हलायचा. शेवटची दोन वर्षं मीच त्यांचे केस विंचरायचे. झडलेले केस तोंडात जायचे, त्यांना कळायचं नाही. मी बोट घालून काढायचे. रोज ओकारी यायची मला. आणि रोज काढायचे."

वहिनींनी तिच्या हातातल्या पानावरची कॅमेऱ्याची ओळ पेन्सिलने खोडली. मग म्हणाल्या, "मग थरथर पहिल्या मिनिटापासून हवी. नुसती शेवटी आली तर चूक वाटते. आणि उठणं असं…" त्यांनी शेजारच्या स्टुलावर बसून दाखवायचा प्रयत्न केला, पण ते बुटकं होतं. त्या खुर्चीतल्या बाईकडे वळल्या. "जरा उभ्या राहता का?"

"मी?" चंदेरी कागद खळखळले. बाई उठली.

"बघा, आधी पाय मागे गेले. आता परत बसा. पुन्हा उठा, पण सावकाश. बघितलंत, डोकं कसं पुढे येतं? गुडघ्यांच्याही पुढे. पुन्हा एकदा."

"अहो, माझा रंग उतरेल!" बाई ओरडली, पण तिसऱ्यांदा उठली. पार्लरवालीने बिलाच्या पाठीवर काठ्यांसारखी चार माणसं काढली. मग ती एकदम हसायला लागली, खुर्चीतली बाईही हसली. वहिनींना मात्र हसता आलं नाही.

निघताना पार्लरवालीने कपाटातली बरणी दाखवली. धुऊन ठेवलेले केस. एक ओली बट तिने वहिनींच्या तळहातावर ठेवली. वहिनींच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली.

"असू देत. घ्या बाई परत," वहिनी म्हणाल्या आणि हात पातळाला पुसला. पुसून झाल्यावरही तो त्यांना ओलाच वाटत होता.

दोन महिन्यांनी ती फिल्म नव्याने करून वहिनींकडे आली. म्हातारी पाय मागे घेऊन उठत होती, असं वाटत होतं की खुर्चीच तिला सोडत नाहीये. वहिनींनी शेवट चार सेकंदांनी कमी करायला सुचवलं. 'नाही करणार,' उत्तर आलं. वहिनींना आधी राग आला, मग बरं वाटलं.

दिराचा कार्यक्रम चालूच होता. तिसऱ्या खुर्चीत आता एक हसतमुख तरुणी बसायची. नवरा भावाकडे एकटाच जायचा आणि आल्यावर तिथलं काही सांगायचा नाही.

वहिनींनी जुनी टिपणं शोधून काढली आणि ज्याची त्याला पाठवायला घेतली, पूर्ण, शेंड्यासकट, सोबत माफीची एक ओळ. बहुतेकांकडून काहीच आलं नाही. मुक्या शिक्षकाने आभार मानले. घटस्फोटावर फिल्म करणाऱ्या ड्रायव्हरने एवढंच लिहिलं: 'कॅमेरा विकला. आता कशाला?'

चार दिवस वहिनींनी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. पाचव्या दिवशी त्याची फिल्म पुन्हा लावली, आधी सुटलेल्या तीन गोष्टी त्यात दिसल्या. त्या त्यांनी नीट अक्षरात लिहिल्या आणि पाकीट बंद केलं.