सारंगचं अपील

वकीलबाईंनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि उत्तराच्या डोक्यात तिडीक गेली. "वरचं कोर्ट फक्त खालच्या कोर्टातली नोंद बघतं. नवी साक्ष नाही, नवा कागद नाही. तुमचा भाऊ किती सज्जन आहे याची पत्रं तर नाहीच नाहीत." बाई अमेरिकेतून बोलत होत्या. उत्तरा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला, ऑफिसच्या सायकल स्टँडपाशी उभी राहून ऐकत होती. आता हे कळून काय उपयोग होता?

सारंग तिचा धाकटा भाऊ. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत होता. सरकारी चौकशी चालू असताना साहेबानं फर्मावलं म्हणून यानं चाचण्यांच्या जुन्या नोंदी पुसल्या, आणि तोच निरोप टीममधल्या पाच जणांना दिला. ज्युरीनं दोषी ठरवलं. तो धुतल्या तांदळासारखा आहे असं उत्तराही म्हणत नव्हती. पुसल्या होत्याच की. शिवाय ज्युरीनं ज्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, त्याच्यावर वरचं कोर्ट सहसा अविश्वास दाखवत नाही, हेही तिला कळून चुकलं होतं. तिचा जीव अडकला होता तो शिक्षेत. शिक्षेआधीच्या अहवालात कुण्या अधिकाऱ्यानं सारंगला 'म्होरक्या' लिहून ठेवलं, आणि तेवढ्यापायी साडेतीनच्या जागी पाच वर्षं झाली. म्होरक्या म्हणे! हॉटेलात गार चहा आला तरी परत पाठवायची ज्याची छाती होत नाही, तो पाच जणांचा म्होरक्या.

बरं, त्या अहवालावर आक्षेप घ्यायला चौदा दिवस होते. तेव्हाचा वकील म्हणत होता, घेऊ या. सारंगनं काय करावं? ताईला विचारलं. आणि ताई कोण, तर साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदार असलेल्या माणसाची मुलगी. कोर्टकचेरी म्हणजे घरचीच! तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक उपदेश पाठवला. जजसाहेबांशी वाद घालू नकोस, चिडतात. मान खाली घाल, माफी माग. पुढे अपिलात सगळं पहिल्यापासून मांडता येतं, बाबांनी अशी किती अपिलं पाहिलीत. साताऱ्याचं शहाणपण तिनं जसंच्या तसं अमेरिकेला लावलं आणि भावानं ते मुकाट्यानं ऐकलं.

घरी श्रीकांत पोळी मोडता मोडता म्हणाला, "अगं, आमच्या ऑफिसातला तो डच, यान, सांगत होता, इथे वरच्या कोर्टात केस पुन्हा नव्यानं ऐकतात. एवढं टेन्शन घेऊ नकोस."

"सारंगला काय आइंडहोवनात पकडलंय?" उत्तरा म्हणाली. नवऱ्यानं गुपचूप आमटी वाढून घेतली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण त्या दिवसांत तिच्या तोंडाला लागायची सोय नव्हती.

सुनावणी इंटरनेटवर ऐकता येत होती. दुपारी चारला ऑफिसातली छोटी मीटिंग रूम धरून ती हेडफोन लावून बसली. दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा मिनिटं. माणसाच्या पाच वर्षांचा हिशेब पंधरा मिनिटांत! वकीलबाई तयारीनं बोलत होत्या. तो फक्त साहेबाचा निरोप्या होता, चूक ढळढळीत आहे, असं त्या म्हणाल्या. तीन न्यायाधीशांपैकी एकानं मध्येच अडवलं.

"मग आक्षेप का घेतला नाही?"

"नोंदीत त्याचं कारण नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"शिक्षेच्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला स्वतः विचारलं, अहवालात काही चूक आहे का. उत्तर आहे, 'नो, युवर ऑनर, थँक यू.' वेळेवर आक्षेप नसेल तर आम्हाला फक्त उघड दिसणारी चूक दुरुस्त करता येते. इथे ती कुठे दिसते?"

कारण उत्तराच्या फोनमध्ये होतं, तारीख-वेळेसकट. ते कुणाला दाखवायचं? टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं तिला वाटलं.

दोन महिन्यांनी निकाल आला. दोष कायम, शिक्षा कायम. एक वाक्य असंही होतं की आक्षेप वेळेत आला असता तर म्होरकेपणाचा पुरावा सरकारला द्यावा लागला असता. ते वाक्य तिनं इतक्यांदा वाचलं की पाठच झालं.

शनिवारी तुरुंगातून सारंगचा फोन आला. "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. तू माझ्या भल्याचंच सांगितलंस."

"वकीलबाईंना तरी सांगायचं होतंस, मी सांगितलं म्हणून."

"काय उपयोग? उगाच तुला वाईट वाटलं असतं."

उत्तराचा संताप अनावर झाला. "गप्प बस, सारंग. दीड वर्षानं शिक्षा वाढली तुझी माझ्यामुळे आणि वर तूच माझी समजूत काढतोस? माझ्यावर चीड ना एकदा. काय वाटेल ते बोल."

तुरुंगाच्या फोनचं एक मिनिट उरल्याची बीप वाजली.

"तुला तिथल्या कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ताई," तो म्हणाला. "मला आक्षेप घ्यायचा होता. तू घेऊ दिला नाहीस."

"हो," उत्तरा म्हणाली. "बोल अजून."

फोन तुटेपर्यंत तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली.