तुरटीचा खडा आणि सासूबाईंची ऊब

सकाळी निरंजन लावलं की ते आपणहून विझेपर्यंत मी बोलत नाही, आसनावरून उठतही नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत, देवाच्या कृपेने कधी मोडलं नव्हतं.

लेकीने बरणीतल्या तुरटीच्या पाण्यात दोऱ्याला टांगून एक स्फटिक वाढवला होता. सुपारीएवढा, कडा अगदी रेखीव. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा होता. सकाळी मी निरंजन लावून बसलेली, लेक अंघोळीला गेली आणि सासूबाई बरणीपाशी आल्या.

"गारठलाय गं बिचारा! वाढणार कसा?"

दही काय नि भिजवलेलं पीठ काय, उबेत ठेवलं की फळाला येतं, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. त्यांनी पातेल्यात कढत पाणी ओतून त्यात बरणी बसवली.

देवघर स्वयंपाकघरातच, माझ्या डोळ्यांदेखत सगळं. मी जोरजोरात हात हलवले.

"पाणी कमी पडलं? बरं." आणखी ओतलं.

मी कपाळावर हात मारला.

"डोकं दुखतंय का? बाम कपाटात आहे हो."

इकडे खडा हरभऱ्याएवढा होत चाललेला, आणि निरंजनात तूप काठोकाठ. मीच घातलेलं, सढळ हाताने! देवा, क्षमा कर, असं मनात म्हटलं आणि ओरडले, "आई, बरणी बाहेर काढा! विरघळतोय तो!"

माझा एवढा मोठा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. सासूबाईंनी बरणी उचलली. हे गालाला साबणाचा फेस घेऊन धावत आले, लेक ओल्या केसांनी.

"संपलं सगळं," ती रडवेली झाली.

"फ्रीजमध्ये ठेवू," हे म्हणाले. "झटक्यात वाढेल."

"बाबा, झटक्यात गार केलं तर बरणीभर नुसता रवा पडेल! तुरटी कुठे गेली नाही, पाण्यातच आहे. सावकाश गार झालं तर खड्यावर परत चढेल." तिने नाक पुसलं. "आजी, तुझं जाड ब्लँकेट दे."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "बघा! शेवटी ऊबच लागली ना?"

दुसऱ्या दिवशी मी निरंजनात तूप बेतानेच घातलं. लेकीने ब्लँकेट उलगडलं. खडा पुन्हा सुपारीएवढा. एक कोपरा जरा बोथट, पण आरपार स्वच्छ. ती नाचायचीच बाकी होती.

"रात्रभर ऊब दिली मी त्याला," सासूबाई मला म्हणाल्या. "खरं की नाही?"

निरंजन अजून तेवत होतं. मी मनोमन देवाचे आभार मानले.