झटका किती वाजता आला?

“किती वाजता सुरू झालं?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“आत्ताच हो सिस्टर. पंधरा मिनिटं झाली असतील,” गंगव्वा म्हणाली. नजर मात्र फरशीवर.

खाटेवर तिची मुलगी नेत्रावती. वय एकोणीस. अंगावर रेशमी साडी, केसांत अबोलीचा गजरा आणि सगळं अंग आकडीनं उडतंय. सरकारी दवाखान्यात एकवीस वर्षं नर्स म्हणून काढलीत मी. पंधरा मिनिटांत अंग असं भट्टीसारखं तापत नाही. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, तेव्हा कुठे हातपाय थांबले.

“थांबलं गं बाई!” गंगव्वानं हात जोडले.

कसलं थांबलंय! पापणी बारीक फडफडत होती. आत मेंदूत झटका चालूच होता.

डॉक्टर कोट्रेश म्हणाले, “पंधराच मिनिटं असतील तर औषधाला जरा वेळ देऊ. तास उलटला असेल तर आत्ताच भूल देऊन श्वासाची नळी घालायला हवी. सुशीलक्का, खरं काय ते काढा.”

मी गंगव्वाला दंडाला धरून पडद्यामागे नेलं. “मुलीला बघायला आले होते ना?”

तिनं मान डोलावली.

“आकडीच्या गोळ्या बंद केल्यास?”

“आठ दिवस झाले. गोळीनं पेंगते हो ती. हावेरीचे पाहुणे, त्यांच्यासमोर पेंगली असती तर?”

“आणि आकडी आली तेव्हा?”

“पाहुण्यांना पाणी देऊन आत आली आणि पडली. मागच्या दारानं न्हाणीघरात नेलं. तिच्या मावशीनं हातात किल्ल्या दिल्या, लोखंडानं आकडी उतरते म्हणून. वाटलं, थांबेल. पाहुणे उप्पीट खात बसलेले, उठेचनात. कसं सांगू त्यांना?”

“किती वेळ, अव्वा?”

“दीड तास.”

मी पडद्याबाहेर तोंड काढून ओरडले, “डॉक्टर, दीड तास!” आणि तिच्याकडे वळले. माझं डोकंच फिरलं होतं. “अगं, मेंदूच्या पेशीत प्रथिनांच्या घड्या पडत असतात. झटका लांबला की घड्या चुकतात, चुकलेल्यांचा ढीग साचतो. पेशी बिचारी निस्तरायला बघते. नाहीच जमलं, तर स्वतःला संपवते. एकेक करून! आणि तू तिकडे उप्पीट वाढत होतीस?”

बोलले आणि मलाच लाज वाटली. आकडी लपवून मुली उजवणं आमच्याकडे घरोघरी चालतं. माझ्या नणंदेची लपवली, तेव्हा मी नर्स असून तोंड उघडलं नव्हतं.

नळी घातली. दुसऱ्या दिवशी गंगव्वाचा फोन वाजला. हावेरीहून मुलगी पसंत असल्याचा निरोप होता. तिनं डोळे पुसले आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, “तिला आकडी येते. लहानपणापासून. आम्ही लपवलं.” मग फोन ठेवून दिला.

पाचव्या दिवशी सकाळी नळी निघाली. नेत्रावतीनं डोळे उघडले. गंगव्वा धावत खाटेशी आली.

“नेत्रा, मी कोण गं?”

मुलीनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग पदर सारखा करायला खांद्याकडे हात नेला आणि हळू, अदबीनं म्हणाली, “बसा ना. पाणी आणते.”

गंगव्वा स्टुलाच्या कडेवर बसली.