पाटीवरचा हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर हस्तगुरू एका मुलाचं मनगट धरून बसले होते. समोर अक्षरांची पाटी. मुलाचं बोट एकेका अक्षरावर टेकत होतं आणि हस्तगुरू मोठ्यानं वाचत होते, "बाबा, माझी काळजी करू नका." जन्मात एक शब्द न बोललेला मुलगा! त्याचे बाबा ढसाढसा रडले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ही मुलं मुकी नाहीत!" हस्तगुरू म्हणाले. "आत्मा आत कोंडलाय. मी फक्त कडी काढतो!"

सगळ्यांचे आत्मे बोलायचे मात्र हस्तगुरूंसारखेच, गोड आणि मोघम.

तिसऱ्या रांगेत टेलरबाई बसल्या होत्या, शेजारी त्यांची वीस वर्षांची स्वमग्न लेक. घरात दोघीच. 'माझ्यामागे हिचं कोण?' हे विचारायलाही बाईंना माणूस नव्हतं. महिन्यापूर्वी याच पाटीवर लेकीनं लिहिलं होतं, "आई, तू गेल्यावर मी सुखात राहीन." त्या वाक्यावर बाई महिनाभर जगल्या. हस्तगुरूंच्या सांगण्यावरून लेकीचं विशेष मुलांच्या कार्यशाळेत शिकायला जाणंही त्यांनी बंद केलं.

मग परवा दुकानात नव्या शिकाऊ मुलीच्या हातावर हात ठेवून त्या कॉलर शिवून घेत होत्या. कॉलर झकास वळली. बघतात तर पोरगी खिडकीबाहेर टक लावून बसलेली!

"अगं, लक्ष कुठंय तुझं?"

"तुमचा हात होता ना वर, बाई!"

बाईंना एकदम आठवलं. पाटीवर लिहिताना लेकही छताच्या पंख्याकडे बघत होती.

आज लेकीचा नंबर आला. बाईही मंचावर चढल्या. "हिच्या डाव्या मुठीत मी काहीतरी दिलंय. काय ते हिला लिहू द्या."

बोट फिरलं. "आईचं प्रेम," हस्तगुरूंनी वाचलं. लोक गहिवरले.

बाईंनी मूठ उघडली. आत निळं बटण होतं.

"शंका घेतली की आत्मा रुसतो, ताई!"

"बरं, मग तुम्ही डोळे मिटा. आत्मा हिचा आहे, तुमच्या डोळ्यांशी त्याला काय करायचंय?"

लोकांसमोर नाही म्हणता येईना. हस्तगुरूंनी डोळे मिटले. बोट 'ठ'वर गेलं, 'ळ'वर गेलं आणि पाटीवरून घसरून टेबलावर टेकलं.

"लिहितो तो वरचा हात," बाई म्हणाल्या. "कदाचित त्याचं त्यालाही कळत नसेल. पण शब्द मुलांचे नाहीत."

मघाचे बाबा ओरडले, "आमची आशा का मोडता हो?"

"माझीही मोडली, दादा." बाईंना रडू आवरेना. "ते वाक्य मला हवं होतं, म्हणून मी तपासलं नाही. जे ऐकायला जीव आसुसलेला असतो, तेच आधी तपासा. उद्या मी कार्यशाळेच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. माझ्यामागे हिचं कसं होईल, मला माहीत नाही. पण जे काही होईल ते हिला शिकवून होईल, हिच्या तोंडी आपले शब्द घालून नाही."

तेवढ्यात लेकीनं हिसका देऊन हस्तगुरूंच्या पकडीतून मनगट सोडवून घेतलं. पहिल्या दिवसापासून ती दर खेपेला हा हिसका देत आली होती. तिचं स्वतःचं म्हणणं तेवढंच होतं, आणि ते आईनंसुद्धा वाचलं नव्हतं.