काउत्सलायची भिंत

काउत्सलायच्या उभ्या चढावर द्राक्षवेली बांधायच्या त्या दमट सकाळीच. हवा कोरडी असली की वाकवताना फांदी मोडते. म्हणून मार्चमधल्या त्या सकाळी विलोच्या ओल्या काड्या कमरेला खोचून मी एकशे बारा पायऱ्या चढले, तर माझ्या वेलींमध्ये एक परका माणूस टेप लावून मोजत होता.

"इथं लाकडी सज्जा होणार," तो म्हणाला. "पाहुण्यांना बसल्या बसल्या खालची मोझेल नदी दिसेल. वेली पुढच्या आठवड्यात उपटू. भिंत मात्र झकास बांधलीय हो कुणीतरी."

ते कुणीतरी म्हणजे मी.

सगळ्यात वरचा हा तुकडा आईचा. ती गेली तेव्हा धाकटा भाऊ गुंडोल्फ म्हणाला होता, "वाल्बुर्गाताई, कागद माझ्या नावावर राहू दे, वेली तुझ्या." मी भोळी, मान डोलावली. एकवीस वर्षं राबले. पावसानं वाहून गेलेली माती दरवर्षी पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेली. गेल्या नोव्हेंबरात माती धरून ठेवणारी भिंत ढासळली तेव्हा मी हात टेकले होते. गुंडोल्फच म्हणाला, "बांधू या ताई. मी आहे ना." अख्खा हिवाळा मी दगडावर दगड बसवत होते आणि तो शेजारी बसून चिपा निवडून माझ्या हातात देत होता. बोटं गारठली की दोघं एकाच थर्मासमधलं मसुराचं सूप प्यायचो. इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते. शेवटी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, एका दगडावर मी साल कोरलं आणि त्याखाली दोघांची नावं.

टेपवाल्याला तिथंच सोडून मी तशीच खाली उतरून गुंडोल्फच्या स्वयंपाकघरात गेले. तो पावाला लोणी लावत होता.

"कधी विकलंस?"

"ऑक्टोबरात सौदा ठरला." त्याची सुरी थांबली नाही. "भिंत पडल्यावर घेणारे मागे सरकत होते. उभी असेल तरच घेऊ म्हणाले."

"मग गवंडी आणायचास."

"बिनचुन्याची भिंत बांधणारा गवंडी उरलाय कुठं? आणि तुला खरं सांगितलं असतं तर हात लावला असतास?"

"नसता."

"मग?" तो म्हणाला, जणू मीच त्याचं म्हणणं पटवून दिलं होतं.

सख्ख्या भावानं केसानं गळा कापला, आणि तोही सूप पाजत. मी त्याच्याच कोठारातली पहार उचलली आणि परत वर गेले. वरचा दगड हलवला असता तर बाकीचे दुपारपर्यंत आले असते. पण आमच्याकडे भिंत वरच्याची असली तरी पडते खालच्यावर. खाली म्हातारा ओटमार आपल्या वेली वाकवून बांधत होता.

"काय गं वाल्बुर्गा, अजून एकही बांधली नाहीस?" त्यानं मान वर केली. "हवा कोरडी व्हायला लागलीय. मी बघ, यंदा तुझ्या भिंतीखाली कसा निवांत आहे."

मी पहार खाली घेतली. मग तिच्या टोकानं त्या दगडावरचं माझं नाव खरवडून काढलं. गुंडोल्फचं तसंच ठेवलं. येणाऱ्या पाहुण्यांना कळू दे, भिंत कुणाची ते.