फोटोत आलेला दोर

मी एक जुना फ्लॅश आहे. मोबाइलच्या पाठीवर तांदळाएवढा ठिपका असतो ना, तो मी नव्हे बरं का! मी कॅमेऱ्याच्या डोक्यावर ऐटीत बसायचो. पोटात सेल भरले आणि बटण दाबले की अख्खा मांडव उजळायचा. आता मी ड्रॉवरमध्ये पडून असतो, पण जरा ऐका. मला बोलायची सवय आहे आणि इथे ऐकायला कोणी नाही.

१९९९ साली संघदीपने अर्जुनी मोरगावच्या बाजारात फोटो स्टुडिओ उघडला, तेव्हा मी कॅमेऱ्यासोबत आलो. कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवते ते संघदीपच्या आईचे, कलाबाईंचे बोलणे. मला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "एवढ्याशा डबीतून कायचा उजेड पडन रे?" संघदीपने बटण दाबले. कलाबाई डोळे चोळत खालीच बसल्या! त्या दिवशी मला जो तोरा चढला, तो अजून उतरलेला नाही.

मग काय विचारता! लग्ने, बारशी, शाळेची संमेलने, धम्मचक्र दिनाच्या मिरवणुका. नवरदेव माझ्याकडे बघून छाती फुगवायचे आणि नेमके माझ्या उजेडात डोळे मिटायचे. शिव्या मात्र मला. माझी एक खोड तेवढी सांगून ठेवतो. एकदा उजेड टाकला की मला दम घ्यावा लागतो. आत बारीक सूंऽऽ असा आवाज होतो आणि दम भरला की पाठीवरचा लाल दिवा लागतो. सेल ताजे असले तर चुटकीसरशी, थकलेले असले तर बसा वाट बघत. पुढे सगळे यावरच येऊन ठेपणार आहे.

ही गोष्ट २००४ च्या दिवाळीच्या सुट्टीतली. गोंदियाहून संघदीपची मामेबहीण साक्षी आली होती. कॉलेजातली, बडबडी, शहरात वाढलेली, पोहता अजिबात येत नव्हते. तिनेच टुमणे लावले, "दादा, रात का फोटो निकाल ना! भुतांचे फोटो काढू, यार!" संघदीप तयारच होता. त्याची धाकटी बहीण अल्का आणि मित्र भुपेंद्र, अशी चौघांची वरात गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निघाली. सोबत कलाबाईंची पांढरी चादर, भुपेंद्रची बॅटरी, कॅमेरा आणि मी. नवे सेल घ्यायचे राहून गेले होते. "चालतात अजून," असे म्हणून संघदीप निघाला होता.

सुरुवातीला काय धमाल केली या पोरांनी! चादर पांघरून भुपेंद्र भूत झाला. अल्का त्याच्या पाठीवर बसून हडळ झाली. प्रत्येक फोटोला मी उजेड टाकत होतो आणि दर वेळी माझा लाल दिवा थोडा उशिरा लागत होता. कोणाचे लक्ष होते म्हणा!

मग साक्षीला डोंगा दिसला. डोंगा म्हणजे झाडाचे खोड कोरून केलेली अरुंद होडी. तलावात मासेमारी संस्थेचे मासे होते आणि राखण करायचे उदारामकाका. रात्री डोंगा कोणी पळवू नये म्हणून ते तो काठाला नायलॉनच्या दोराने बांधायचे आणि डोंगा ढकलायचा बांबू आपल्या झोपडीवर घेऊन जायचे. तिथल्या सगळ्या पोरांना हे ठाऊक होते.

"मी जलपरी बनते!" साक्षी चादर गुंडाळून डोंग्यात जाऊन बसली.

"बांबू नाही वो यात," अल्का म्हणाली.

"बांबू कायले पाहिजे? बांधला हाय ना," भुपेंद्र म्हणाला.

संघदीपने फोटो काढला. माझा उजेड पडला आणि साक्षीच्या आधी तो दोरच लखकन चमकला. डोंग्यापासून काठापर्यंत पांढरी रेघ! संघदीप चडफडला. "सारा फोटो खराब केला या दोरानं. भुपेंद्र, दोर सोड. तू डोंग्याचं टोक धरून राय."

दोर सुटला, काठावर पडला. भुपेंद्र गुडघाभर पाण्यात वाकून टोक धरून उभा राहिला. संघदीपने कॅमेऱ्याला डोळा लावला. "अबे, तुझा हात दिसते. एका फोटोपुरता सोड."

भुपेंद्रने हात सोडला.

आणि माझा लाल दिवा लागेना! सूंऽऽ आवाज चालू, दिवा नाही. माझ्यावर खापर फोडू नका, सेल कोणी बदलले नव्हते? संघदीप श्वास रोखून दिव्याची वाट बघत राहिला. वारा पाळीकडून आत वाहत होता. अखेर दिवा लागला, बटण दाबले, उजेड पडला. समोर नुसते पाणी होते. डोंगा बराच आत गेला होता.

"ए, इतक्या दूर नको ना ढकलू!" साक्षी हसत होती.

"मी कुठं ढकलून राहिलो?" भुपेंद्रचा आवाज चिरकला. "मी तं फक्त सोडलो!"

मग तिचे हसणे थांबले. "दादा... दादा, यात पाणी येऊन राहिलं!"

चौघांच्याही तोंडचे पाणी पळाले. बॅटरीचा उजेड काठाजवळच मरत होता. साक्षीची हाक पाळीवर आपटून परत यायची, त्यामुळे ती कुठे आहे तेच कळेना. भुपेंद्रने उडी मारली, पण शिंगाड्याच्या वेलांत त्याचे पाय गुरफटले. सोडलेला तोच दोर फेकून अल्का आणि संघदीपने त्याला कसाबसा बाहेर ओढला. अल्का रडू लागली.

तेवढ्यात पाळीवरून शिव्यांचा पट्टाच सुटला. "कोन हाय बे? मासोऱ्या चोरून राहिले का?" उदारामकाका काठी घेऊन धावत येत होते. माझे चमकारे त्यांना झोपडीवरून दिसले होते.

"काका, पोरगी! डोंग्यात पोरगी हाय!"

काकांनी काठी फेकली. आल्या पावली झोपडीकडे धावले, तिथला दुसरा डोंगा बांबूने रेटत पाण्यात आले आणि ओरडले, "उभी नोको राहू वो पोरी! बसून राय! अन् तू, तो चमकारा मार. मले दिसल्याबिगर मी कुठं जाऊ?"

संघदीपने मला कॅमेऱ्यावरून काढून डोक्यावर धरले. उजेड टाकला. क्षणभर दिसली ती! पांढऱ्या चादरीमुळे दिसली. ओंजळीने पाणी बाहेर फेकत होती. लगेच अंधार. काकांचा बांबू तिकडे वळला. मी दम भरू लागलो. पुन्हा उजेड. आता डोंग्याची कड जवळजवळ पाण्याला टेकली होती. पुन्हा अंधार.

आणि मग मी संपलो. आत आवाजही येईना. अल्काने माझ्या पोटातले सेल काढले, तळहातांवर घासघास घासले, तोंडाची वाफ दिली आणि परत बसवले.

तिकडे एक किंकाळी आली आणि धप्पकन आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही.

"चमकव बे!" अंधारातून काका ओरडले. "चमकव!"

संघदीप मला कानाशी धरून पुटपुटत होता, "लाग रे बाबा. लाग ना." आयुष्यभर नवरदेवांपुढे मिरवलेला मी, त्या वेळी मला एकच उजेड हवा होता. सूंऽऽ सुरू झाले, बारीक, मरतुकडे. लाल दिवा लुकलुकला. संघदीपने बटण दाबले.

डोंगा पालथा झाला होता. चादर पाण्यावर पसरली होती आणि तिच्या कडेला, डोंग्याच्या पाठीवर, एक हात होता.

पुन्हा अंधार. बांबूचा आवाज, पाण्याचा आवाज, काकांची धाप. अल्काने भावाचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला.

"धरली! धरली वो पोरीले!"

काठावर साक्षी खोकत होती, पाणी ओकत होती, रडत होती. जिवंत होती! भुपेंद्र तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. काकांनी अंगावरचा गमछा काढून तिला पांघरला आणि मग संघदीपकडे वळले.

"दोर कोनं सोडला?"

"फोटोत... फोटोत दिसत होता, काका."

काकांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की मीच त्याच्या हातून चिखलात पडलो. मला मुळीच राग आला नाही.

फोटोंचा रोल धुऊन आला. भुतांचे फोटो झकास आले होते. जलपरीचा एकच आला होता, पहिला, दोरवाला. संघदीपने तो ड्रॉवरमध्ये तोंड खाली करून ठेवला. पुढे डिजिटल कॅमेरे आले, आणि मीही त्याच ड्रॉवरमध्ये गेलो. जाताना माझ्या पोटातले सेल काढायचे पुन्हा राहिलेच. ते फुटले, पाझरले, हिरवट बुरशीसारखे आतभर पसरले. मी आता कधीच लागणार नाही.

२०१३ साली साक्षी तिच्या लहान मुलीला घेऊन स्टुडिओत आली. ड्रॉवर उघडला, तिला तो फोटो सापडला. "दादा, हा मोठा करून दे ना. घरात लावते."

संघदीपने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. "थांब, हा दोर पुसून देतो. आता सहज निघते."

साक्षीने त्याचा हात धरला. "नको दादा. दोर राहू दे."

मान खाली घालून संघदीपने डोळे पुसले आणि फोटो होता तसा छापला. पांढऱ्या रेघेसकट.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद पडून असेल तर त्याच्या पोटातले सेल काढून ठेवा, एवढी माझी विनवणी. आणि रात्री मित्रांसोबत फोटो काढायला जाल तेव्हा खुशाल भुते व्हा, हसा, ओरडा. पण फोटोत दोर दिसला, कोणाचा धरलेला हात दिसला, तर दिसू द्या. तो सोडू नका.